खुर्च्यांच्या बदल्यात सासू

प्रल्हादने खुर्च्या आवरायच्या कंटाळ्यापायी सासू देऊन टाकली, ही बातमी अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरहून शेजारच्या एडिसनला पोचायला एक शनिवार पुरला. रविवारी तो ओक ट्री रोडवर कोथिंबीर आणायला गेला, तर गल्ल्यावरच्या गुजराती बाईंनीसुद्धा त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हातातली जुडी त्याने परत ठेवली आणि नुसता कढीपत्ता घेऊन घरी आला.

हे लोक सांगतात तसं घडलेलं नाही, असं प्रल्हादचं म्हणणं होतं. पण घडलं होतं ते साधारण तसंच.

त्याचं असं झालं. मराठी मंडळातल्या, इथेच जन्मलेल्या मुलांना आइस हॉकीचं वेड. त्यांच्या नादाने आईबापांनी एकदा पायांत स्केट्स चढवून पाहिले, आणि त्या हिवाळ्यात निम्म्या कार्यकारिणीची मनगटं प्लास्टरमध्ये होती. तेव्हा बर्फ तेवढा वगळून हॉकी खेळायची, असा ठराव झाला. टाउनशिपच्या बागेतलं डांबरी मैदान, पायांत साधे बूट, हातात स्टिक आणि एक नारिंगी, हलका चेंडू. चार संघ. ऑगस्टच्या अखेरीला सुरुवात आणि दिवाळीच्या फराळाच्या दिवशी अंतिम सामना. जिंकणाऱ्या कप्तानाला पितळेचं घंगाळं मिळायचं. ते वर्षभर आपल्या दिवाणखान्यात मिरवायचं आणि पुढच्या दिवाळीला चिंचेने घासून परत आणायचं. प्रल्हादने आपल्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी घंगाळ्यासाठी जागा राखून ठेवली होती. तिथे तात्पुरती म्हणून ठेवलेली मनीप्लँटची कुंडी आता छताला टेकली होती.

खेळाडू वाटून घ्यायची पद्धत मुलांनी खऱ्या हॉकीतून उचलली. तिला ड्राफ्ट म्हणतात. ज्याचा संघ गेल्या वर्षी तळाला, त्याने पहिली निवड करायची. शिवाय आपली निवडीची पाळी दुसऱ्याला देऊन तिच्या बदल्यात त्याच्याकडून काही घ्यायचीही मुभा. प्रल्हादचा संघ तळाला असल्यामुळे पहिली पाळी नेहमी त्याचीच असे. हा मान आपल्याला कशामुळे मिळतो, याचा तो फार विचार करत नसे.

नियमावली इंग्रजीत असली तर कोणी वाचणार नाही, म्हणून ती मराठीत लिहायचं काम त्यानेच केलं होतं. नागपूरला शाळेत निबंधात त्याचा पहिला नंबर यायचा, ही गोष्ट मंडळात ज्याला ठाऊक नाही असा माणूस उरला नव्हता. त्या नियमावलीत एक कलम त्याने फार जिव्हाळ्याने घातलं होतं. भारतातून सहा महिने राहायला आलेले आईवडील मुलांच्या घरी खिडकीतून दुसऱ्याचं गवत बघत बसतात, त्यांनाही चार माणसांत आणावं, म्हणून प्रत्येक संघाने किमान एक ज्येष्ठ खेळाडू किमान पाच मिनिटं मैदानात उतरवावा, असं ते कलम. त्यासाठी ड्राफ्टमध्ये आजी-आजोबांची वेगळी पाळी असायची. निवडलेल्या ज्येष्ठांनी पाच मिनिटं स्टिक धरून उभं राहायचं. मग मंडळाचे अध्यक्ष बाळकाका शाल घेऊन जायचे, टाळ्या व्हायच्या, चहाचा थर्मास उघडायचा. गेल्या वर्षी केदारच्या एडिसन संघातल्या आजी तेवढ्या पाच मिनिटांत मैदानाच्या कडेची चाकवतासारखी दिसणारी भाजी खुडायला बसल्या होत्या आणि तेवढ्यात त्यांच्या मागून गोल झाला होता.

तर गुढीपाडव्याच्या कार्यक्रमानंतर शाळेच्या कॅफेटेरियातल्या खुर्च्या आवरायची पाळी प्रल्हादची होती. पुरणपोळी जरा जास्त झालेली, आणि खुर्च्यांच्या रांगा लांबच लांब. केदार शेजारी उभा होता. हा मूळचा मुंबईचा, आता एडिसनचा, आणि समोरच्याला डुलकी कधी येते हे अचूक ओळखणारा.

“खुर्च्या मी आवरतो यार,” केदार म्हणाला. “तुझी आजी-आजोबांची पाळी मला दे.”

केदारचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रल्हादने हात पुढे केला. बाळकाका साक्षीला होते. त्यांनी सुपारी कातरता कातरता मान डोलावली. प्रल्हाद घरी जाऊन झोपला, आणि आपण केदारला कसं गुंडाळलं ते त्याने बायकोला, सुवर्णाला, रात्रीच्या जेवणापर्यंत दोनदा ऐकवलं.

आता त्याच्या सासूबाईंविषयी. मीनाक्षीबाई पुण्याच्या खडकीच्या. लेकीच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण अमेरिकेला पाऊल लावणार नाही, तिथे माझ्या ओळखीचं कोण आहे, असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. जावयाला त्या अहोजाहो करत. जावईही त्यांच्याशी बोलताना कायम जमिनीकडे बघून बोलत असे, कारण नागपूरच्या घरात त्याच्या वडिलांनी आपल्या सासूशी तसंच बोललेलं त्याने पाहिलं होतं. बावीस वर्षांत त्याने मीनाक्षीबाईंची पावलं नीट पाहिली होती, चेहरा अंदाजाने. खडकीच्या घरात हातांत काठ्या घेतलेल्या मुलींचा एक फोटो भिंतीवर होता. तो शाळेच्या गॅदरिंगमधल्या टिपऱ्यांचा आहे, असं त्याने लग्नातच धरून टाकलं होतं.

जूनमध्ये नात अनिका व्हिडिओ कॉलवर आजीला आपली नवी स्टिक दाखवत होती. आजीने विचारलं, गोल किती रुंद असतो तुमचा? अनिकाने हात पसरून दाखवला. आजीने बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी व्हिसाचा अर्ज भरायला घेतला. प्रल्हादला वाटलं, सासूबाईंनी आपलं बोलायचं म्हणून विचारलं असेल.

ऑगस्टमध्ये सासूबाई येऊन पोचल्या, आणि त्याच महिन्यात ड्राफ्ट बाळकाकांच्या बेसमेंटमध्ये, कांदेपोह्यांवर झाला. सगळे ज्येष्ठ भिंतीकडेच्या खुर्च्यांवर ओळीने बसलेले, आणि कप्तान त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करणारे. मुलगी बघायचा कार्यक्रम उलटा झाल्यासारखा तो देखावा होता, फरक एवढाच की कोणालाही गाणं म्हणायला सांगितलं नाही. आजी-आजोबांच्या पाळीत पहिली निवड, म्हणजे प्रल्हादची, आता केदारची होती. एका आजोबांचे दोन्ही गुडघे नवे होते, दुसरे डुलक्या घेत होते. तेवढ्यात पोह्यांच्या पातेल्यावरचं झाकण कोणाच्या तरी धक्क्याने पडलं आणि कडेवर उभं राहून फरशीवरून घरंगळत निघालं. मीनाक्षीबाई शेजारणीला आंबेहळदीच्या लोणच्याची कृती सांगत होत्या. मीठ किती ते सांगता सांगता त्यांनी उजवा पाय पुढे केला, झाकण थांबवलं, पावलाखाली आडवं केलं, आणि लिंबाकडे वळल्या.

केदारचा घास हातातच राहिला. त्याने मीनाक्षी मावशींना मागितलं.

प्रल्हाद मोठ्यांदा हसला. सुवर्णा हसली नाही. गाडीत बसल्यावर तिने फक्त एवढं विचारलं की माझी आई कॉलेजात आणि विद्यापीठाच्या संघात गोलकीपर होती, हे तू लग्नाआधी आमच्या घरी जेवलास तेव्हा तुला तासभर सांगत होते, तेव्हा तू काय ऐकत होतास? प्रल्हादला त्या जेवणातली अळूची भाजी आठवत होती. बाकी काही नाही.

पहिल्याच सामन्यात, सलवार-कमीजवर गुडघ्यांना पॅड बांधून आणि डोक्यावर अनिकाचं सायकलचं हेल्मेट चढवून, मीनाक्षीबाई गोलात उभ्या राहिल्या. पाच मिनिटं झाली. बाळकाका शाल घेऊन निघाले. त्या म्हणाल्या, शाल राहू द्या, मला उकडतंय. बाळकाका घोटाळले. तेव्हा केदारने खिशातून नियमावली काढली आणि ‘किमान पाच मिनिटं’ हे शब्द मंगलाष्टकाच्या चालीवर वाचले. किमान म्हणजे जास्तीत जास्त नव्हे. नियम कोणी लिहिला, असं बाळकाकांनी विचारलं, आणि मैदानावरच्या सगळ्यांनी प्रल्हादकडे पाहिलं.

त्या दिवसापासून एडिसनच्या गोलात चेंडू जाणं जवळजवळ बंद झालं. मावशी फार हलत नसत. चेंडू जिथे येणार तिथे त्या आधीच असत. कॉलेजात जाणारी पोरं धापा टाकत समोर येत आणि चेंडू अलगद त्यांच्या पायाशी ठेवून परत जात, जसं काही तेवढ्यासाठीच आली होती. लांबच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकणारा केदारचा पुतण्या खास सामने बघायला बस बदलत येऊ लागला. एडिसनच्या एका मिठाईवाल्याने मावशींना फुकट पेढे दिले. आणि मावशींना घरून मैदानावर कोण नेत होतं? प्रल्हाद. त्या मागच्या सीटवर, मांडीवर पॅड घेऊन बसत आणि शांतपणे विचारत, “प्रल्हादराव, आज तुमचा तो डावीकडून येणारा मुलगा आहे का?” आणि सासूबाईंना उत्तर न देणं त्याच्या संस्कारात बसत नसल्यामुळे, समोरच्या ट्रॅफिककडे बघत तो आपल्या संघाचा सगळा बेत सांगून टाकत असे.

शेजारचा राजीव हा आइस हॉकीचा चालताबोलता इतिहास. तो त्याला कुंपणापलीकडून धीर देई. त्याच्या म्हणण्याप्रमाणे खऱ्या हॉकीतल्या प्रत्येक क्लबने कधी ना कधी आपली निवडीची पाळी शेंगदाण्याच्या भावात दिली आहे, आणि त्याच पाळीवर दुसऱ्याने घेतलेला पोरगा पुढे असा चमकला आहे, की देणाऱ्या मॅनेजरशी त्याच्या गावात न्हावीसुद्धा बोलला नाही. अशा फसलेल्या सौद्यांवर लोक रात्रंदिवस वाद घालतात. “तू एकटा नाहीस,” राजीव म्हणाला. मग थोडा विचार करून त्याने प्रामाणिकपणे भर घातली, “सासूच्या बाबतीत मात्र तू पहिलाच.” राजीवची बायको नीना हिचा सल्ला वेगळा होता. मावशींना सामन्याच्या आदल्या दिवशी भरपूर श्रीखंड घाला. प्रल्हादने घालून पाहिलं. श्रीखंडाने प्रल्हादला झोप आली.

त्यात बाळकाकांनी जाहीर केलं की यंदाही संघ खाली राहिला, तर वेस्ट विंडसरचं कप्तानपद राजीवकडे जाईल. राजीवने कुंपणावरून सांत्वन करणं त्या दिवसापासून कमी केलं.

आणि मग सुवर्णाने फर्मान काढलं. आई ड्राइव्हवेवर एकटी गॅरेजच्या दाराशी चेंडू मारून घेते, ते शेजारीपाजारी बघतात, बरं दिसतं का? ऑफिसातून आल्यावर तू तिला चेंडू मार. म्हणजे ज्या बाईमुळे आपली अब्रू गेली, तिचा सराव आपणच घ्यायचा. प्रल्हादने हा मुद्दा मांडून पाहिला, आणि मग स्टिक शोधायला गेला.

रोज संध्याकाळी ऑफिसातून परतीची गाडी प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनला आली, की तो घरी येऊन, टाय काढून ड्राइव्हवेवर उभा राही. समोर गॅरेजच्या दारापुढे मीनाक्षीबाई. पहिल्या आठवड्यात त्याचे निम्मे चेंडू शेजाऱ्यांच्या हायड्रेंजाच्या फुलझाडांत गेले, उरलेले दारावर बसले. दाराला पोचे पडले. सोसायटीच्या असोसिएशनची नोटीस आली, की घराच्या दर्शनी भागाची शोभा बिघडली आहे. प्रल्हादने फोन करून सांगितलं की सासूबाई व्यायाम करतात. पलीकडच्या बाईंनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग त्यांनी विचारलं की सासूबाई सुखरूप आहेत ना? आणि दुसऱ्या दिवशी एक इन्स्पेक्टर खात्री करायला आला. मीनाक्षीबाईंनी त्याला गोलात उभं केलं, स्वतः दोन चेंडू मारून दाखवले, आणि चहा दिला. नोटीस परत गेली.

त्या फार बोलत नसत, पण बोलत तेव्हा लागत असे. खडकीला मैदान लाल मातीचं होतं, घरी जायच्या आधी नळावर पाय धुवायचे म्हणजे वडिलांना कळत नसे. मुली साडी पिशवीत घेऊन यायच्या आणि खेळ झाला की नेसून परत जायच्या. सख्ख्या थोरल्या भावाचा चेंडू अडवला म्हणून तो दिवाळीपर्यंत बोलला नव्हता. हे सगळं सांगता सांगता त्या प्रल्हादचा चेंडू न बघता अडवत.

“तुमचे डोळे आधी येतात, प्रल्हादराव,” एकदा त्या म्हणाल्या. “चेंडू मागून. तुम्ही उजवीकडे मारणार हे मला सांगूनच मारता.”

त्याने ते मनाला लावून घेतलं. रोजच्या सरावाने, त्याच्या नकळत, त्याचं मनगट सुटलं. ऑक्टोबरमध्ये त्याने एका सामन्यात गोल केला आणि आपल्याच संघातल्या पोरांनी तो कोणी केला म्हणून इकडेतिकडे पाहिलं. अनिका आधीपासूनच चांगली खेळत होती, आता बापही तिला पास द्यायला लागला. तळाचा संघ एकेक पायरी चढत अंतिम सामन्यात पोचला. समोर अर्थातच एडिसन.

तेव्हा केदारला काळजी पडली. त्याने कार्यकारिणीपुढे मुद्दा काढला, की सासू आपल्याच जावयासमोर उभी राहणार, तर ती जावयाचा मान राखेल. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तांब्याच्या ताम्हणात अनारसे देणारा आपला समाज, तिथे गोल देणं किती अवघड? तासभर चर्चा झाली. मीनाक्षीबाईंना बोलावून विचारलं. त्या म्हणाल्या, “जावयाचा मान पानावर. मैदानात फक्त चेंडू.” बाळकाकांनी हे वाक्य ठरावात घेतलं.

दिवाळीच्या शनिवारी थंडी बरी होती आणि ऊनही. मैदानाच्या कडेला फराळाचे डबे, शाळेतून आणलेल्या खुर्च्या, आणि टेबलावर चिंचेने लखलखवलेलं घंगाळं. केदारने एक गोल केला. अनिकाने एक परत केला. तिने तो आजीच्या खांद्यावरून मारला, आणि आजीने हेल्मेटखाली हसून तिच्याकडे मान हलवली. मग वेळ संपेपर्यंत कोणालाच काही करता आलं नाही. बरोबरी. तेव्हा कप्तानांनी एकेक चेंडू मारून निकाल लावायचा, असा नियम. तोही प्रल्हादनेच लिहिलेला.

केदारचा चेंडू वेस्ट विंडसरच्या पोराने पोटावर घेतला आणि तो पोरगा खाली बसला, पण चेंडू अडला.

प्रल्हाद पुढे झाला. अनिका कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, डोन्ट थिंक.” त्याने ते शब्दशः पाळलं. डोळे मिटले आणि मारला. डोळे उघडले तेव्हा चेंडू जाळीत होता आणि त्याचा संघ त्याच्या अंगावर.

केदारने दोन्ही हात वर केले. तो फार वाईट बोलला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “मानलं मावशी तुम्हाला. दिलात शेवटी जावयाला मान.”

घंगाळ्याकडे निघालेले बाळकाका थांबले. प्रल्हादने अंगावरची पोरं बाजूला सारली. कारण एका क्षणासाठी त्यालाही वाटलं, की खरंच दिला असेल तर? मग ते घंगाळं घरात ठेवून रोज बघायचं कसं?

मीनाक्षीबाईंनी हेल्मेट काढलं, केस मागे सारले आणि परत घातलं. जाळीतला चेंडू स्वतः काढला, चालत येऊन प्रल्हादच्या पायाशी ठेवला.

“पुन्हा मारा,” त्या म्हणाल्या. “आणि डोळे उघडे ठेवून मारा. नाहीतर मला परत खडकीला तोंड दाखवता यायचं नाही.”

वेस्ट विंडसरच्या लोकांनी गिल्ला केला, की झालेला गोल सोडायचा कशाला. सुवर्णा फराळाच्या डब्यांची झाकणं लावत बसली. प्रल्हाद म्हणाला, मारतो.

आता तो विचार करू लागला, आणि आयटीतला माणूस विचार करू लागला की फार करतो. उजवीकडे बघून डावीकडे मारावा, तर त्यांना ते कळणार. डावीकडे बघून डावीकडेच मारावा, तर तेही कळणार. ऑफिसात सिस्टिम अशी अडकली, की तो बंद करून पुन्हा चालू करत असे. त्याने मान खाली घातली. सवयीने नजर सासूबाईंच्या पावलांवर गेली. बावीस वर्षं तिथेच जात होती.

मग त्याने मान वर केली आणि, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, सासूच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

मीनाक्षीबाई दचकल्या. जावयाचे डोळे घारे आहेत, हे त्यांना तेव्हा कळलं. तेवढ्या एका क्षणात प्रल्हादने चेंडू मारला, आणि ज्या पावलांवर तो दर भारतवारीत डोकं टेकवत आला होता, त्यांच्याच मधून चेंडू जाळीत गेला.

त्यांनी मागे वळून चेंडूकडे पाहिलं. मग केदारकडे. “हा दिला नाही,” त्या म्हणाल्या. “हा त्याने घेतला.”

केदारने वर केलेले हात खाली घेतले. प्रल्हाद पाया पडायला वाकला, तर त्यांनी खांदा धरून त्याला अर्ध्यातच उभा केला. “पुरे आता तिकडे बघणं.”

घंगाळ्यात चिवडा भरून सगळ्यांना वाटला. राजीवने दोनदा घेतला. प्रल्हादला इतका हुरूप आला होता, की जेवणं झाल्यावर कोणी न सांगता तो खुर्च्या घडी करायला लागला. केदार बशी घेऊन तिथे आला आणि त्याने आठवण करून दिली, की जिंकणाऱ्याची पाळी पुढच्या वर्षी सगळ्यांत शेवटी येते. मावशी पुन्हा आल्या, तर आधीचे तिघे त्यांना सोडतील का? प्रल्हादच्या हातातली खुर्ची अर्धी मिटलेली राहिली. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मीनाक्षीबाई शेजारीच बसून करंजी खात होत्या. “मला त्याच्या संघात यायचंच नाही,” त्या म्हणाल्या. “मी समोर असले की बरा खेळतो तो.” मग त्या बाळकाकांकडे वळल्या. “अहो, तुम्ही साक्षीला होतात ना त्या सौद्याच्या? नेमकं काय ठरलं होतं?”

बाळकाकांनी आठवून सांगितलं, की पाळी केदारला आणि खुर्च्या केदारने आवरायच्या.

“कुठल्या कार्यक्रमाच्या, ते ठरलं होतं?”

बाळकाकांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. म्हणाले, नाही बुवा. नुसतं खुर्च्या एवढंच.

“मग किमान पाडव्याच्या तरी आवरायच्या होत्या,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “जास्तीत जास्त किती, ते कोणी बोललंच नाही.”

केदारने खिशाकडे हात नेला. पण हे नियमावलीत कुठेच नव्हतं. त्याने बशी खाली ठेवली आणि हसत, मान हलवत, पहिली खुर्ची उचलली.

मीनाक्षीबाईंनी शेजारची खुर्ची ओढून पुढे केली. “बस, प्रल्हाद,” त्या म्हणाल्या. तो बसला, सासूच्या अगदी समोर, आणि करंजी कशी झाली आहे ते त्याने त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं. केदार एकेक रांग आवरत गेला, आणि त्या दोन खुर्च्यांपाशी आला तेव्हा वळसा घालून पुढे गेला.